उतरलेल्या बॅटरीचं गाणं

आमच्या गल्लीतून परदेशी निघालेली मी पहिली मुलगी. आणि निघाले कशातून? मासळीच्या टेम्पोतून! धाकट्या भावाने, महेशने, तो माझ्यासाठी साबण लावून धुतला होता. त्यामुळे त्याला आता साबणात भिजवलेल्या बोंबलाचा वास येत होता. मी नवी साडी, उंच सँडल अशा थाटात पुढच्या सीटवर चढले. अख्खी गल्ली निरोपाला उभी. आय माझ्या बॅगेत सुकटीची आणखी एक पिशवी कोंबत होती. आणि बाबा ओट्यावर बसून टेप लावत होते.

त्या वर्षी पोरापोरींना वेड लावणारी ती पॉपची कॅसेट बोईसर स्टेशनबाहेरून मीच आणलेली. पण तिच्यातल्या एका गाण्यावर जीव जडला बाबांचा. होडीवरून आले की पाय धुवायच्या आधी तेच लावायचे.

"गानं सरू दे, बाय, मंग नीघ," बाबा म्हणाले.

गाणं सरेना. महेशने हॉर्न मारला. गाणं अर्धं आणि टेम्पो सुरू! वळण येईपर्यंत मी मान मागे करून ऐकत होते. मी पुन्हा सुट्टीवर यायच्या आत बाबा गेले, टेपही बंद पडला. ते गाणं त्या ओट्यावर शेवटपर्यंत ऐकायचं राहिलं, ते मनात खुपत राहिलं.

नवरा माझा नागपूरचा. बोईसरच्या कंपनीत शेजारच्या टेबलावर बसायचा, मस्कतची नोकरी लागली तसा मलाही घेऊन गेला. मासळीला कंटाळून पळालेली मी तिकडे कुठे चिकटले असेन? कोळंबीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, बिलं करायला! हसा, मीही हसते. पण बूड एका जागी टेकेल तर शपथ. फ्लॅट बदलले, पडदे बदलले, केसांचे रंग तर विचारूच नका. आयचे व्हॉट्सॲपवरचे निरोपसुद्धा मी दीडपट वेगाने ऐकते. तिच्या एका 'हाय' आणि 'नाय'च्या मध्ये चहा उकळून होतो, काय करणार?

गेल्या वर्षी महेशच्या मुलीची हळद ठरली. मी मनाशी ठरवलं, हळदीला ते गाणं लावायचं आणि आयला नाचवायचं. बाबा गेल्यापासून ती कुणाच्याच हळदीत नाचली नव्हती. अल्बम फोनवर शोधला, इयरफोन लावले, डोळे मिटले.

ही कोण चिमणी?

आमची गायिका म्हणजे भारदस्त बाई. जाड, घोटीव आवाज. मासळीबाजारात पाटी घेऊन बसली तर गिऱ्हाइकाने भाव करायची हिंमत करू नये अशी. आणि इथे एक बारीक आवाजाची पोर एसटी सुटत असल्यासारखी गात होती. मी तडक आयला व्हिडिओ कॉल लावला.

आयने कान देऊन ऐकलं. "कुनाची पोरगी हाय ती? आदी पानी दे तिला."

मागून महेश खो खो हसायला लागला. "ताई, आपला टेप कशावर चालायचा, विसरलीस?"

होडीच्या बॅटरीवर! इंजिन सुरू करायला निकामी झालेली बॅटरी बाबा घरी आणत. वीज सारखी जायची, मग टेप त्या बॅटरीलाच जोडलेला. बॅटरी उतरलेली, टेप ओढत ओढत चालायचा, आवाज जाड व्हायचा. आमच्या गल्लीने एका पोरीची बाई करून टाकली होती आणि वर्षानुवर्षं तिच्यावर नाचली होती.

फोनमध्ये गाणं हळू करायची सोय असते. करून पाहिलं. आवाज तसाच बारीक, फक्त चिमणीला झोप आल्यासारखा. त्यानंतर आठवडाभर माझं कशात लक्ष लागेना.

हळदीला डीजे बोईसरचा. त्याने त्याच गाण्याचं आणखी पळवलेलं रूप लावलं. मी तक्रार केली तर म्हणतो, "आंटी, यही तो ओरिजिनल है!" आय प्लॅस्टिकच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलेली. "ह्या धावपलीत मी नाय उटत."

तेवढ्यात कोपऱ्यात दामूमामा दिसले. गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे, आता डीजेमुळे फक्त वरातीपुरते उरलेले. हे बँडवाले नवी गाणी कॅसेटवरूनच बसवायचे. आणि कॅसेट ऐकायला कुठे यायचे? आमच्या ओट्यावर!

डीजेवाला जेवायला बसला तशी मी मामांना गाठलं. "मामा, बाबांचं गाणं येतं?"

"आमाला तसंच येतं," मामा म्हणाले आणि ट्रम्पेट फडक्याने पुसलं.

आणि मग ती आली. तीच जाड, सावकाश, भरल्या अंगाची बाई, ट्रम्पेटमधून. मांडवातल्या साऱ्या म्हाताऱ्या एकदम उठल्या. आयची बोटं दंडावरच वाजली, मग घडी सुटली, मग पदर खोचला गेला. मी धावत तिच्यासमोर गेले आणि नाचायला लागले, तर माझे पाय प्रत्येक ठेक्याला पुढे!

"हलू, बाय," आयने माझं मनगट धरलं. "कुटं पलतेस?"

गाणं सरलं. सरेपर्यंत मी थांबले होते.

आयचे निरोप मी अजून दीडपट वेगानेच ऐकते, खोटं कशाला बोलू? पण राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या उडालेल्यांनो, घर म्हणजे काय याची पूर्वी मला मोठमोठी उत्तरं यायची. आता एवढंच कळतं, की एका जागी मी कायम एक पाऊल पुढे असते आणि तिथे कुणीतरी मला मनगट धरून मागे ओढतं.

परवा मस्कतमध्ये महेशने पाठवलेलं बँडचं रेकॉर्डिंग लावलं होतं. स्वयंपाकघरातून नवरा ओरडला, "अगं, बॅटरी उतरली की काय?"

"उतरली," मी म्हटलं. "राहू दे तशीच."