धुतल्याशिवाय भाव नाही

चेकिंगकाकांचा जगात कुणावरही विश्वास नव्हता. गिऱ्हाईक म्हणालं, "गाडीला साधा ओरखडा नाही हो कधी," की काका उजवा हात प्लास्टिकच्या पिशवीत घालत, डोळे मिटत आणि धुतलेल्या गाडीवरून तो हात सावकाश फिरवत. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो, हे मला त्यांनीच शिकवलं. मग डोळे न उघडताच विचारत, "डावा दरवाजा कुठे ठोकला होतात?" गिऱ्हाईक बायकोकडे बघे. बायको दुसरीकडे बघे.

खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काकांचा जन्म तपासणी खात्यात गेला. "आम्ही पास केलेला माल फुटला नाही, तर तक्रार यायची," ते म्हणत. मी आयटीतली नोकरी सोडून, व्हिडिओ बघून बघून, खडकीतच गाड्या चमकवायची शेड टाकली होती. काका समोरच्या टपरीवर चहा पीत माझ्या चुका मोजायचे. म्हटलं, आत येऊन मोजा. आले.

पहिला खटका उडाला भावावरून. मी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून भाव सांगायचो. एका चकचकीत फोटोवर खूश होऊन मी एका दिवसाचा भाव सांगितला. गाडी आली ती झाडाचा डिंक आणि बांधकामाचं सिमेंट अंगावर घेऊन. तीन दिवस घासत होतो. काका म्हणाले, "फोटोत तुम्हीसुद्धा हुशार दिसता, मालक." दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: धुतल्याशिवाय भाव नाही.

"अहो, अंदाजे तरी सांगा," गिऱ्हाईक म्हणे.

"अंदाजे धुऊ का मग?"

मला वाटायचं, या माणसापायी धंदा बसणार. म्हणून मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागवलं. काकांच्या हाताला पर्याय! त्याच आठवड्यात एका शिक्षिकाबाईंची लाल गाडी आली. काका पिशवीतला हात फिरवून म्हणाले, "बॉनेट पुन्हा रंगवलंय. पॉलिशचं मशीन लावू नका." मी यंत्र टेकवलं. आकडा भरभक्कम. म्हणजे थर जाड, असा माझा इंजिनिअरी निष्कर्ष. काका चहाला गेल्याचं बघून मी पॉलिशचं मशीन फिरवलं आणि दोन मिनिटांत बॉनेटच्या कडेला राखाडी अस्तर उघडं पडलं. जाड होती ती खालची पुट्टी. वरचा रंग कांद्याच्या सालीएवढा. बॉनेट पदरच्या पैशांनी रंगवून दिलं. काका दिवसभर एक अक्षर बोलले नाहीत. पुणेरी माणूस गप्प बसला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

त्यानंतर मात्र काकांचं वागणं मला संशयास्पद वाटू लागलं. गाडी धुऊन झाली की ते गिऱ्हाइकाला शेडमागच्या कडुनिंबाखाली नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगत. त्यातले निम्मे लोक पॉलिश न करताच निघून जात. पुढच्या चौकात नुकतंच एक नवं दुकान उघडलं होतं. मी दोन अधिक दोन पाच केले. काका माझी गिऱ्हाइकं तिकडे धाडत होते! असंच चाललं असतं तर दिवाळीपर्यंत मी पुन्हा कुणाच्या तरी कंपनीत गळ्यात पट्टा घालून बसलो असतो.

एके दुपारी कडुनिंबाखालीच उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीत मी मागच्या दाराने शिरलो आणि सीटच्या खाली आडवा झालो. काच अर्धी उघडी होती. काका आणि गाडीवाले साहेब आले.

"पॉलिश करू नका," काकांचा आवाज. "रंग पातळ झालाय. नुसतं धुऊन मेण लावून घ्या, मजेत चालेल."

"पण मग तुमच्या मालकाचं नुकसान नाही का?"

"मालक माणूस चांगला आहे. मशीन हातात आलं की थांबायचं कळत नाही, एवढंच. शिकतोय. तोवर मी गाड्या वाचवतो, आणि त्याचं नाव." मग जरा थांबून, "मालक, सीटखालची धूळ काढून झाली असेल तर बाहेर या. गुदमराल."

साहेब इतके हसले की त्यांनी मेण तर लावून घेतलंच, पुढच्या महिन्यात मेव्हण्याचीही गाडी घेऊन आले. कडुनिंबाखालून परत गेलेलेही एकेक करून असेच परतले. दिवाळीत मी शेडमध्येच होतो.

गेल्या वर्षी काकांनी एक गाडी पास केली. मी सहज पिशवीतून हात फिरवला, तर बॉनेट खरखरीत. मी पिशवी काकांना परत दिली.

"खरखरीत आहे ना?" काकांनी विचारलं.

"छे हो."

"तुला खोटं बोलता येत नाही." काकांनी पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलं. रक्तातल्या साखरेनं त्यांची बोटं बधिर होत चालली होती. त्यांनी पिशवीची नीट घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. "आता तुझा हात."

महिन्याभरात ते लेकीकडे नागपूरला गेले. जाताना त्यांची जुनी स्कूटर शेडमध्ये ठेवली. "मूळचा रंग आहे. धुवायची. मशीन लावायचं नाही."

मी दर शनिवारी ती धुतो. मशीन शेजारीच टांगलेलं असतं. परवा फोन आला.

"लावलंस का मशीन?"

"नाही हो काका, शपथ! थांबा, फोटो पाठवतो."

फोटो गेला. दोन निळ्या रेघा उमटल्या. मग उत्तर आलं: "फोटोवरून कळत नाही. येऊन बघतो."