हिरेमठबाईंनी वासावरून पारखलेल्या फळ्या

सोलापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला मी रुजू झाले, तेव्हा गिरिजाबाई हिरेमठ प्रयोगशाळेच्या दारात उभ्या होत्या. "कानडी येतं का?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणताच म्हणाल्या, "मग मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली शेंगाचटणी घ्या आणि दोन शब्दही घ्या." आमचा स्नेह असा जुळला. आज बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत.

बाई रसायनशास्त्र शिकवत आणि वसतिगृहही सांभाळत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वखारवाले शंकरअप्पा यांनी मोठ्या मनाने वसतिगृहाला नवी कपाटे आणि खाटा करून दिल्या. भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळ्या तेव्हा नव्यानेच आल्या होत्या. उन्हाळ्याच्या तोंडावर मुलींचे डोळे चुरचुरू लागले. मंगळवेढ्याकडच्या कुसुमला दम्याचा त्रास होता, तिला धाप लागू लागली. तिचे वडील न्यायला आले.

"हितं ऱ्हाऊन आजारीच पडायचं असंल, तर शाळा नको," ते म्हणाले.

"तिला माझ्या घरी राहू द्या," बाई म्हणाल्या. "खोली नीट झाली की परत पाठवीन. शाळा सोडवू नका."

मग बाईंनी खोल्या रिकाम्या करून मुलींना सभागृहात हलवले. अप्पा दुखावले. "बाई, नव्या लाकडाला वास येणारच की."

"अप्पा, हा वास लाकडाचा नाही. आमच्या प्रयोगशाळेत बेडूक ठेवतात, त्या फॉर्मॅलिनचा आहे. या फळ्यांच्या गोंदातून तोच वायू सुटतोय."

देणगीदाराला दुखवू नये, असे आम्हा बहुतेकांचे मत होते. बाईंनी वाद घातला नाही. वेगवेगळ्या कारखान्यांच्या फळ्यांचे सारखे तुकडे अप्पांकडूनच मागवले, घट्ट झाकणाच्या बरण्यांत घातले आणि गच्चीवर उन्हात ठेवले. दुपारी अप्पांना बोलावून एकेक बरणी उघडली. पहिलीत वसतिगृहाच्या कपाटांचीच फळी होती; तिच्यापाशी अप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. शेवटच्या बरणीला वास जेमतेम होता. अप्पांनी पहिल्या बरणीचे झाकण स्वतःच घट्ट लावले. मग म्हणाले, "माझी नात असती तर मी तिला त्या खोलीत झोपवलं नसतं. सगळं काढा."

त्यांनी त्या शेवटच्या बरणीतल्या फळीची कपाटे आणि खाटा पुन्हा करून दिल्या. बाईंच्या सांगण्यावरून कापलेल्या कडा लाकडी पट्ट्यांनी बंद केल्या आणि खोल्या उघड्या ठेवून हवा खेळू दिली. पावसाळ्यानंतर कुसुम वसतिगृहात परतली. पुढे ती मंगळवेढ्यात मुख्याध्यापिका झाली.

आता फळ्यांवर वायूच्या प्रमाणानुसार इ-वन, इ-झिरो असे दर्जे छापलेले असतात. जुळे सोलापूर या नव्या वस्तीत फ्लॅट घेतलेली जुन्या विद्यार्थिनींची मुले बाईंना फोन करतात. बाई समजावतात, "आकडा कमी तेवढा वायू कमी. दुकानदार नुसता 'चांगला माल' म्हणाला तर दर्जाचा शिक्का दाखवायला सांगा. पाळणाघरासाठी तर कमीत कमीचाच घ्या. आणि खिडक्या उघडा."

अप्पांशी बाईंचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. चूक दाखवतानाही त्यांनी कोणाचा मान कमी केला नाही, हे मला त्यांच्याकडून शिकता आले. चारचौघे गप्प बसतील तिथे बाईंनी अजूनही "जरा थांबा" म्हणावे, आणि ते म्हणायला त्यांच्या श्वासाला व आवाजाला शंभरीपार बळ मिळावे, ही आम्हा साऱ्यांची इच्छा.