एक्केचाळिसाव्या मिनिटाला अडकणारी डीव्हीडी

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, काम काय करतात हे नातेवाइकांना समजावून सांगताना आमच्या नाकी नऊ यायचे. ते डीव्हीडी रायटर, म्हणजे डीव्हीडीवर लिहिणारी यंत्रं, तपासायचे. बनवायचे नाहीत, विकायचे नाहीत, दुरुस्तही करायचे नाहीत, नुसते तपासायचे. कॉम्प्युटरविषयीच्या एका मासिकाच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून ते नव्या रायटरमध्ये कोरी डीव्हीडी घालायचे, ती लिहून व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि मग लिहिलेल्यात चुका किती झाल्या ते मोजायचे. मी त्याच मासिकाची प्रुफं तपासत असे. त्यामुळे त्यांना हसायचा मला तसा हक्क नव्हता, पण मेहुणी असल्यामुळे तो आपोआप मिळाला होता.

माणूस एक नंबरचा संशयी. डीव्हीडी लिहायला लागलेला वेळ कॉम्प्युटर स्वतःच पडद्यावर दाखवतो, तरी यांच्या गळ्यात स्टॉपवॉच. "यंत्रानं स्वतःबद्दल दिलेली माहिती मी धरत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. कचेरीची लिफ्ट तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत किती सेकंदांत येते हे त्यांनी सकाळचं वेगळं आणि दुपारचं वेगळं लिहून ठेवलं होतं. लग्नाच्या नोंदवहीत ताईनं सही केल्यावर त्यांनी ती वही आपल्याकडे ओढून ताईचं नाव पुन्हा एकदा वाचलं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि खोक्यावर 'वीसपट वेग' असं छापलेलं दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. त्यांची श्रद्धा चौपट वेगावर. सावकाश लिहिलेलं टिकतं, असं ते इतक्यांदा सांगायचे की कचेरीत सगळे त्यांना 'चौपट' म्हणूनच हाक मारायचे आणि ते ओ द्यायचे.

आता हे काम माझ्या आईला पटणं शक्यच नव्हतं. आई शाळेत मुख्याध्यापिका होती. ताईनं हे स्थळ स्वतःचं स्वतः ठरवून घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "म्हणजे स्वतः काही करत नाही, दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढतो?" चौतीस वर्षं हातात लाल पेन घेऊन तिनं दुसरं काय केलं होतं, हे विचारायची आमच्यापैकी कोणाची हिंमत झाली नाही. लग्न झालं, पण आईनं भाऊजींना पास काही केलं नाही. अकरा वर्षांत समोरासमोर एक बरा शब्द नाही.

आणि भाऊजींना तोच हवा होता. मला हे सांगताना हसूही येतं आणि वाईटही वाटतं. त्यांचा लेख छापून आला की मासिकाचा अंक ते आईच्या टीपॉयवर 'विसरून' यायचे. पुढच्या आठवड्यात तो अंक परत मिळायचा, शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त केलेला. म्हणजे जावयाला टोला आणि प्रुफं तपासणाऱ्या धाकट्या लेकीलाही टोला, एकाच पेनात. भाऊजी त्या लाल खुणांमध्ये एखादी बरोबरची खूण चुकून पडलीय का ते शोधत बसायचे.

आईच्या निवृत्तीआधीच्या वर्षी तर ते महिनाभर रोज संध्याकाळी तिच्याकडे जात होते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. "आईंचा कॉम्प्युटर बिघडलाय, तो बघतो," असं सांगून जायचे. तपासणाऱ्याला दुरुस्ती येत नाही, एक कॉम्प्युटर महिनाभर पुरतो, म्हणून ताई आणि मी पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

मग आई निवृत्त झाली. शाळेच्या सभागृहात निरोप समारंभ झाला आणि शाळेनं तो व्हिडिओवाल्याकडून टिपून घेतला. लांबी एक तास पन्नास मिनिटं, त्यातली पहिली दहा मिनिटं सोडली तर उरलेलं सगळं आईचं भाषण. आता खरं सांगून टाकते. चाळीस मिनिटं आम्ही ऐकलं. मग ताईनं मला कोपरानं ढोसलं, मी भाऊजींना ढोसलं, आणि आम्ही तिघं वाकून वाकून सभागृहाबाहेर पडलो आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायलो. दोन दोन कप. टाळ्या ऐकू आल्यावर परत आलो आणि सगळ्यांत जोरात टाळ्या आम्हीच वाजवल्या.

तर ती व्हिडिओची फाइल शाळेनं डीव्हीडी करायला भाऊजींकडेच दिली. रायटरची तुलना न्यायानं करायची तर प्रत्येकाला तोच मजकूर लिहायला द्यायला हवा, आणि तो डीव्हीडीत काठोकाठ बसायला हवा. आईचा समारंभ नेमका तेवढा भरला. तेव्हापासून चार वर्षं, बाजारात आलेला प्रत्येक रायटर आधी आमच्या आईचं भाषण लिहायचा. कधी चौपट वेगानं, कधी आठपट, कधी वीसपट. कचेरीत चहाच्या कपांखाली आई, टेबलाच्या लंगड्या पायाखाली आई, आणि प्रत्येकीवर मार्करनं लिहिलेलं: 'सासूबाई, १६ पट, नापास'. आईनं कचेरीत कधी पाऊल टाकू नये एवढीच माझी इच्छा असायची.

आणि इथूनच तो आगाऊपणा सुरू झाला. कल्पना ताईची, कारागिरी भाऊजींची, साक्षीदार मी.

झालं असं की आईला ती डीव्हीडी सगळ्यांना दाखवायचा भारी सोस. आली पाहुणेमंडळी की लाव डीव्हीडी. भाऊजी घरात असले की हमखासच. जणू ते आल्याशिवाय टीव्हीचं बटण दाबलंच जात नव्हतं. अख्खी डीव्हीडी दिली असती तर पाहुणे एक तास पन्नास मिनिटं खुर्चीत अडकले असते. म्हणून पहिली डीव्हीडी द्यायच्या आधीच ताई नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुमच्याकडे एवढ्या नापास डीव्हीडी पडल्यात. त्यातलीच एक द्या ना आईला."

डीव्हीडी आतल्या बाजूनं लिहायला सुरुवात होते आणि काठाकडे जाते. जाता जाता रायटर टप्प्याटप्प्यानं वेग वाढवतो, आणि हलका रायटर नेमका वेग वाढवताना ठेचकाळतो. कोणती डीव्हीडी किती मिनिटांवर अडकणार हे चुकांच्या आलेखावरून भाऊजी अचूक सांगायचे. मग काय विचारता! लहान मुलं असलेल्या कुटुंबासाठी बारा मिनिटांची, कामापुरत्या येणाऱ्यांसाठी सव्वीस मिनिटांची, आणि घरच्यांसाठी, मान राखायला म्हणून, एक्केचाळीस मिनिटांची. आईचं तोंड उघडं असताना चित्र थिजायचं, पाहुणे "अरेरे" म्हणत उठायचे आणि जिन्यात भाऊजींचा हात हातात घेऊन आभार मानायचे. आई दर वेळी सांगायची, "दुसरी आणा." भाऊजी दर वेळी दुसरी आणायचे, तितकीच विचारपूर्वक निवडलेली. चार वर्षांत अशा अकरा झाल्या. आई कधी रागावली नाही. फक्त चित्र अडकलं की एकदा भाऊजींकडे बघायची आणि मग टीव्ही बंद करायची. तिला संशय आलाय, असं मला वाटायचं. संशय आलाच होता, पण वेगळाच.

मग एका वाचकाचं पत्र आलं. तुम्ही उत्तम म्हणून छापलेल्या रायटरवर मुलीची पहिली पावलं लिहून ठेवली, ती घरच्या प्लेअरवर अडकतात. संपादक पत्र घेऊन थेट भाऊजींच्या खोलीत. "आजपासून चुका नुसत्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक डीव्हीडी घरगुती प्लेअरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत माणसानं बघायची." भाऊजींपुढे आठ रायटर पडले होते, त्यामुळे माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. डोक्याला हेडफोन, हातात कागद, चित्र कुठे तुटलं ते लिहायचं. म्हणजे इतरांसाठी जी शिक्षा आम्ही चार वर्षं चुकवली, ती मला पगारी मिळाली.

एक्केचाळीस मिनिटं गेली. पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं. आई शिस्तीवर बोलली, शाळेच्या नळांवर बोलली, नळांवर फारच बोलली. आणि एक तास बारा मिनिटांवर तिनं चष्मा काढून पुसला.

"आता एक फेरतपासणी राहिली आहे," ती म्हणाली. "ती मी इथेच करते, घरी मला जमत नाही. गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा वार्षिक परीक्षेच्या एकशे बारा उत्तरपत्रिका माझ्या घरी पडून होत्या. माझे जावई महिनाभर रोज संध्याकाळी येऊन त्या मला वाचून दाखवायचे. गुणांची बेरीज दोनदा करायचे. मी म्हणायचे, एकदा पुरे. ते ऐकायचे नाहीत. मी आधी तपासून बाजूला ठेवलेला गठ्ठाही त्यांनी काढला. त्यात मी तीन मुलं बेरजेच्या चुकीनं नापास केलेली होती. ती तिन्ही मुलं आज वरच्या वर्गात आहेत. हे नियमात बसत नाही, पण आता मी निवृत्त झाले, मला काय करणार? त्या माणसानं हे बाहेर कोणाला सांगितलं नाही. मी सांगते आहे. सात वर्षांपूर्वी मी त्यांना पेपर न वाचताच नापास केलं होतं. ती माझी चूक. ते आत्ता इथे बसलेले आहेत, त्यांनी ऐकलं असेल."

ते टपरीवर दुसरा कप पीत होते. आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून, बिघडलेल्या कॉम्प्युटरवरून त्यांची टिंगल करत होते. मला माझी इतकी लाज वाटली की कागदावर काय लिहायचं तेच सुचेना. आणि आई स्वतःची चूक कबूल करते, हेही मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

पण सरळ जाऊन सांगेन तर मी मेहुणी कसली! मी भाऊजींच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "एक तास बारा मिनिटांवर बिघाड आहे."

"शक्य नाही. ही चौपट वेगाची आहे."

"मग या आणि स्वतः बघा. यंत्राचं मी धरत नाही."

ते तणतणत आले, हेडफोन घातला, स्टॉपवॉच दाबलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "काहीच तुटत नाहीये." आवाज मात्र पार तुटला होता. मग त्यांनी ते पुन्हा लावलं. माणसाची सवय, दोनदा तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

त्या रविवारी ते आईकडे बारावी डीव्हीडी घेऊन आले. चौपट वेगानं लिहिलेली, मऊ कापडानं पुसलेली, नव्या डबीत ठेवलेली. शेजारचे काका-काकू आधीच येऊन बसले होते, निश्चिंत, कारण एक्केचाळिसावं मिनिट त्यांनाही माहीत होतं. चाळीस झाली. काकूंनी पर्स मांडीवर घेतली. आईनंही सवयीनं रिमोट हातात घेतला. एक्केचाळीस झाली, बेचाळीस झाली, आई पडद्यावर बोलतच राहिली. काकांनी भाऊजींकडे असं काही बघितलं की मी हसू दाबायला उशी तोंडावर धरली.

एक तास बारा मिनिटांवर पडद्यातल्या आईनं चष्मा काढला. खुर्चीतली आई ताठ बसली. भाऊजी जमिनीकडे बघत होते. सगळं बोलून झालं तेव्हा आईनं डीव्हीडी थांबवली आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "चार वर्षं झाली. अकरा डीव्हीडी मागितल्या मी तुमच्याकडे. सगळ्या याच्या आधी अडकणाऱ्या आणल्यात. तुम्ही डीव्हीडी तपासता, तुमच्याकडून हे चुकून होत नाही. मला वाटलं, तुम्ही ते ऐकलंत आणि तुम्हाला ते नको आहे. बरोबर आहे, म्हटलं. उशीर माझ्याकडूनच झाला होता."

असं काही असेल हे आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आम्ही पाहुण्यांना सोडवत होतो आणि ही बाई अकरा वेळा माफी मागून अकरा वेळा नकार घेत होती. ताईचा चेहरा पडला. गप्प राहून भाऊजींना मोठेपणा घेता आला असता. पण खोटा निकाल त्या माणसानं जन्मात दिलेला नाही.

"आई," ते म्हणाले, "मी हे परवा पहिल्यांदा ऐकलं."

"तुम्ही सभागृहात होतात."

"नव्हतो. चहा प्यायला गेलो होतो."

आईनं रिमोट टीपॉयवर ठेवला. चौतीस वर्षांचा तो आवाज आम्ही बऱ्याच दिवसांनी ऐकला. "कोण कोण गेलं होतं?"

मी हात वर केला. ताईनं माझ्याकडे बघत बघत केला.

"आणि या अडकणाऱ्या डीव्हीडी?"

हात वरच राहिले.

"उभे राहा. भिंतीपाशी."

आम्ही तिघं उठलो. काकूही चुकून अर्ध्या उठल्या होत्या, त्यांना काकांनी खाली बसवलं. आईनं डीव्हीडी पुढे चालू केली. भाषण बरंच राहिलेलं होतं, त्यातही नळ होतेच, आणि आम्ही भिंतीला पाठ न टेकता पस्तीस मिनिटं उभे होतो. आई मधून मधून मान वळवून आम्ही नीट उभे आहोत ना ते बघत होती. भाऊजी मध्ये उभे होते, उघड उघड रडत होते, आणि गळ्यातलं स्टॉपवॉच त्यांनी पहिल्यांदाच दाबलं नव्हतं.