हिरूबायच्या पडवीतली हलती फरशी

मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा मी बोईसरला परांचीवर होतो. एका हातात थापी, तोंडात पान. खालनं एक सायकलवाला ओरडला, "जनूदादा, पालघरचे तुमचे मास्तर गेले... सकाळीच." मी उतरलो. कसा उतरलो ते आठवत नाय, पण शिडीनं नाय, कारण शिडी दुसऱ्या बाजूला होती. तसाच एसटीत बसलो. पालघरला मास्तरांच्या दारात माणसं जमलेली. मी आत शिरायला गेलो तर त्यांच्या कोणा पाहुण्यानं मला धरलं नि हळूच बोलला, "आज नको रे बाबा, घरात असं झालंय. काम असेल तर पंधरा दिवसांनी ये." मग बघितलं तर थापी अजून हातातच, वर सिमेंट वाळून बसलेलं. आयुष्यभर ज्या माणसानं मला कामाचा माणूस म्हणून कधी बघितलं नाय, त्याच्या शेवटच्या दिवशी मी गवंडीकाम मागायला आलो असं झालं. मास्तरांना ही गोष्ट सांगायला पायजे होती. ते आधी पोट धरून हसले असते, नि मग विचारलं असतं, जनू, ही अशी थापी तुमच्याकडं कधीपासून आली, त्याच्या आधी काय वापरायचात?

मला लिहितावाचता येत नाय. हे सगळं मी बोलतोय नि मास्तरांची मुलगी सुशीलाताई उतरून घेतायत. त्या बोलल्या, "तुम्ही बोला तसंच लिहीन, एक शब्द सुधारणार नाही." बघू. बापासारख्या असतील तर सुधारणार नायत, पण मधेमधे विचारत राहतील.

मास्तर पालघरच्या शाळेत शिकवायचे. सहा दिवस पोरांना, नि रविवारी सायकल काढून स्वतः शिकायला निघायचे. सायकलीच्या दांड्याला एक पिशवी, तिच्यात वही, काथ्याचा ब्रश, जाड कागद नि शाळेतली एक फुटकी पाटी. गावोगाव जाऊन जुने दगड बघायचे, म्हाताऱ्यांना विचारायचे. मी एकदा बोललो, मास्तर, इतिहास तो मोठ्या गावांचा, आमच्या खाजणातला कसला इतिहास? ते बोलले, "आपला हा पट्टा कायम कुणाच्या तरी कडेला राहिला, जनू. इकडचा राजा म्हणायचा माझं इथं संपतं, तिकडचा म्हणायचा माझं इथून सुरू होतं, आणि समुद्रातून फिरंगी आले ते मधेच बसले. मधल्यांचं सगळे लिहितात. कडेच्या माणसाचं कोण लिहून ठेवणार?"

आमची ओळख झाली ती माझ्या खोटं बोलण्यानं. तारापूरला प्लांटचं काम निघालं होतं, बोईसरात घरं उठत होती, लांबलांबच्या मुलखातनं माणसं येत होती नि गवंड्याला एकदम भाव आला होता. मी तर अंगात शर्ट घालून काम करायला लागलो होतो. एका रविवारी टोपीवाला माणूस सायकल टेकवून माझ्या दगडांच्या ढिगाशी बसला नि एकेक दगड उलटा करून बघायला लागला. मला वाटलं सरकारी माणूस. चहा मागवला. त्यानं चहा घेतला नि एका दगडावर बोट ठेवून विचारलं, हा कुठनं आणलास. आणला होता भलतीकडनं, तर मी घाबरून तीन जागा सांगितल्या, तिन्ही खोट्या. त्यानं तिन्ही वहीत लिहिल्या. पुढच्या रविवारी परत हजर. बोलले, "तिन्ही ठिकाणी जाऊन आलो. असा दगड एकाही ठिकाणी नाही. पण एका जागी झाडीत बुजलेली जुनी विहीर सापडली. बरं झालं खोटं बोललास." असला माणूस मी आयुष्यात बघितला नव्हता. आमच्यात खोटं पकडलं की कानाखाली देतात.

तेव्हापासून रविवारी मी त्यांच्या कॅरिअरवर. दगडावर काय लिहिलंय ते त्यांना कळायचं, दगड मला कळायचा. हा खाणीतला, हा ओढ्यातला, ह्याला दोनदा छिन्नी लागली. एवढंच सांगायचो, नि मास्तर वहीत लिहून घ्यायचे, खाली माझं नाव घालायचे. एकदा मी शेवाळ काढून एक देवी शोधली. मास्तरांनी नमस्कारपण केला. मग मागनं एक बाय टोपलीभर कपडे घेऊन आली नि बोलली, उठा, तो माझा धुण्याचा दगड हाय. तेपण मास्तरांनी लिहिलं, माझ्या नावासकट.

आता ज्यासाठी बोलायला बसलो ते. बेटेगावच्या शिवेवर एका चिंचेखाली अर्धा दगड होता. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली अक्षरांच्या ओळी, नि मधेच तुटलेला. जुन्या काळी राजानं कोणाला जमीन दिली की शिवेवर असा दगड उभा करायचे. वर चंद्र-सूर्य म्हणजे ते हायत तोवर ही जमीन त्याची. नि खाली तळाला गाढवाचं एक चित्र असायचं, ते घरात सांगण्यासारखं नसतं. जो कोणी ही शीव मोडील, दगड हलवील, त्याला आईवरनं शिवी, असा त्याचा अर्थ. मास्तरांनी कागद भिजवून त्या अर्ध्या दगडावर चिकटवला, काथ्याच्या ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरं वर काढली नि वाचलं. बोलले, "विहीर खणली म्हणून जमीन दिली असं लिहिलंय. कुठल्या गावात, कुणाला... तिथंच तुटलं बघ." शेकडो वर्षांपूर्वी आपल्या ह्या कडेच्या मुलखात कोणीतरी पाणी काढलं नि राजानं त्याचं नाव दगडात घातलं, ह्याच्यानं ते वेडेच झाले. दोन वर्षं खालचा अर्धा हुडकत होते. जाईल त्याला विचारायचे. मला तर दर रविवारी. "जनू, तू एवढे दगड हाताळतोस, असा कुठं दिसला नाही?" मी बोलायचो, नाय मास्तर.

तो मीच फोडला होता.

बेटेगावात हिरूबाय म्हणून एक विधवा बाय, तिचं घर मी बांधलं. जोत्याच्या कोपऱ्याला, मुख्य मेढीखाली, म्हणजे भार घेणाऱ्या खांबाखाली, एक दांडगा दगड कमी पडला. शिवेवर हा उभा दिसला. घणाचे चार घाव घातले, त्यातला एक घसरून खाली लागला, खालचा भाग सरळ निघाला, तो बैलगाडीत घातला, वरचा तिथंच टाकला. अक्षरं बघितली होती की. पण मला अक्षरं काय नि उंदरानं कुरतडलेलं काय, सारखंच. गवंड्याचं डोकं असं, की सपाट बाजू बाहेर दिसायला ठेवायची नि खडबडीत बाजू आत, म्हणजे माती घट्ट धरते. तर मी तो सगळा लेख आतल्या बाजूला करून वर घर बांधलं, नि गाढव खाली पायात गाडलं. मास्तरांनी त्या गाढवाचा अर्थ सांगितला त्या दिवसापासून मी आईच्या समोर जेवायला बसायचा बंद झालो होतो. पण गप्प राहिलो ते शिवीच्या भीतीनं नाय. कळलं तर हा माणूस परत सायकलीवर घेणार नाय, एवढीच भीती.

सांगून टाकलं ते सातपाटीत. कोणीतरी मास्तरांच्या डोक्यात भरवलं होतं की जुने दगड कोळी लोक होड्या दोरीनं बांधून ठेवायला नेतात. भर उन्हात ते किनाऱ्यावर एकेका दगडाशी वाकत चालले होते. बोंबील वाळत घालणाऱ्या बाया हसायला लागल्या. एक बोलली, "मास्तर, एवढं वाकता तर चार बोंबील तरी उलटे करत चला, आमचं काम होईल." मास्तरांनी खरंच चार बोंबील उलटे केले नि पुढच्या दगडाशी वाकले. टोपीखालनं घाम गळत होता... माझ्याच्यानं बघवेना.

"मास्तर," मी बोललो, "तो इथं नाय. मी फोडला."

ते वाकलेलेच राहिले. मी मनात कानाखालची तयारी केली. मग सरळ झाले, चष्मा पुसला नि विचारलं, "किती तुकडे?"

"एक मोठा. बाकी चुरा."

"मोठा कुठाय?"

का फोडलास ते त्यांनी त्या दिवशी विचारलं नाय, कधीच विचारलं नाय. परत येताना सायकल एवढ्या जोरात मारली की मीच कॅरिअरवरनं ओरडत होतो, मास्तर, दोन वर्षं थांबला तो तासभर थांबेल.

हिरूबायनं ऐकलं नि कमरेवर हात ठेवला. "जन्या, मेल्या, एक घर सोडून हितं माहेरच्या गावात आले. प्लांट येतोय म्हणून उठा बोलले, उठले. आता हेपन उकरतोस?" मी माझी हुशारी काढली. मेढीला टेकू देतो, दगड काढतो, संध्याकाळच्या आत दुसरा बसवतो, तुमच्या चुलीवरचं भांडंपण हलणार नाय. मास्तर माझ्याकडं बघून बोलले, "फोडतानाही तू असंच म्हणाला असशील." मग हिरूबायला बोलले, "राहत्या घराचा दगड काढायचा नाही. मला नुसतं वाचायचंय. घर तसंच ठेवून वाचता येईल का, तुम्हीच सांगा."

हिरूबायनं कमरेवरचा हात काढला. मग तिनंच पडवीत कोपऱ्यातला पाट बाजूला केला. खाली घुशीनं बीळ पाडलेलं, थेट त्या दगडाच्या पाठीशी. बोलली, हात जाईल एवढं मोठं करा, त्याच्यावर एक बोट नाय.

हात जाईल, पण डोळा जाणार नाय. मास्तरांचा हात आत घातला तर ते नुसतं खरखरीत लागतंय एवढंच बोलले. राहिलो मी. म्हणजे त्या सगळ्या मुलखात तो लेख वाचायला एकच माणूस उरला, नि तो अडाणी. मी पोटावर पालथा पडलो, गाल शेणाच्या जमिनीला, उजवा हात खांद्यापर्यंत आत. ओल्या बांबूच्या काडीनं माती कोरायची, बोटानं चाचपायचं, जे लागेल ते डाव्या हातानं पाटीवर काढायचं. आत विंचू असेल ह्या भीतीनं माझी पहिली चार अक्षरं अशी थरथरली की मास्तर बोलले, "हे अक्षर नाही, ही तुझी भीती आहे. परत बघ." एक कोंबडी माझ्या पाठीवर येऊन बसली ती उठेना. तीन रविवार असे गेले. मी एक आकार काढायचा, मास्तर बघायचे, ओठ हलायचे, पुसायचे, नि विचारायचे, "पुढे काय?" त्यांच्या तोंडात तेवढेच दोन शब्द. पुढे काय, पुढे काय. मी बोलायचो, मास्तर, शाळेत असं कोणी विचारलं असतं तर मी पळून गेलो नसतो.

दुसऱ्या रविवारी गावाचं नाव लागलं. मास्तरांनी दोनदा वाचलं. नांदवली. असं गावच नाय आमच्याकडं. त्यांनी कागद काढले, नकाशा काढला, नांदवली कुठं मिळेना. हिरूबाय तांदूळ निवडत होती. वर न बघता बोलली, "नांदवली म्हंजे आमचं वरचं खाचर." अख्खं गाव गेलं, नाव एका भाताच्या खाचरात येऊन बसलं, नि ते तिला एकटीला माहीत. मास्तरांनी विचारलं, हिरूबाय, हे आधी का नाही सांगितलंत? ती बोलली, "मला कोणी विचारलं काय?" मास्तरांनी तेपण लिहिलं. मला वाटतं ते वाक्य त्यांनी सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं.

तिसऱ्या रविवारी शेवटची ओळ. विहीर खणणाऱ्याचं नाव तिथंच येणार होतं. मास्तर माझ्याशेजारी पालथे पडले होते, टोपी काढून, पाटीला नाक लावून. मी बोट सरकवलं... नि बोट घसरलं. तिथं कोरलेलं काहीच नव्हतं. गुळगुळीत खळगा, कडेला टवका. डोळ्यांनी कधी ओळखला नसता, पण हाताला लगेच कळलं. तो माझ्या घणाचा घाव होता. चुरा झाला बोललो होतो ना, तो हाच.

"पुढे काय, जनू?"

"पुढं मी हाय, मास्तर."

त्यांना कळलं. मला रडायला येत होतं नि पाठीवर कोंबडी... मी बोललो, मास्तर, तुमी दर वेळी माझं नाव घालता, आता हितंपण घाला. हे माझ्याच्यानं झालं असं लिहा. त्यांनी उठून वहीत लिहिलं नि मला वाचून दाखवलं. सुशीलाताईंसमोर आता ती वही उघडी हाय, त्यांनीच परत वाचली: "येथे नावाची चार अक्षरे जनू गवंड्याच्या घणाने गेली. उरलेला लेख त्याच्याच बोटांनी वाचला." वाचताना त्या मधेच थांबल्या. मी बोललो, ताई, विचारा काय विचारायचं ते. त्या बोलल्या, काही नाही.

त्यानंतर कितीतरी रविवार मास्तर बेटेगावला जाऊन आले. ते नाव खाचरासारखं कोणाच्या तरी तोंडात राहिलं असेल ह्या आशेवर. हिरूबाय दर आठवड्याला पडवी सारवायची नि तेवढं भोक सोडायची, वर पाट. बोलायची, मास्तरांना लागेल.

मास्तर गेले त्याच्या पुढच्याच आठवड्यात हिरूबायच्या मुलानं मला बोलावलं. पडवीत शहाबादी फरशी घालायची, नि तो बोलला, ते भोक आता बुजवून टाका, मास्तर तर गेले. हिरूबाय दारात उभी होती. माझ्याकडं बघत होती. मी भोकाशी पालथा पडलो, माप घेतो बोललो, नि हात घातला. गाव लागलं, विहीर लागली, मग तो खळगा. मास्तर शेजारी नव्हते, तरी कानात तेच... मी उठलो नि कामाला लागलो. सगळी पडवी पाणसळ लावून अशी बसवली की गोटी ठेवली तर हलायची नाय. कोपऱ्यातली एक फरशी मात्र सिमेंटचा मसाला न लावता तशीच ठेवली. उचलली तर हात जाईल एवढी जागा खाली हाय. उद्या कोणी परत सायकल टेकवून विचारत आला, तर त्याला घर मोडायला नको.

मुलगा दुसऱ्या दिवशी बोलला, जनूदादा, एक फरशी हलते. मी बोललो, वय झालं रे, हात चुकतो. आता अख्ख्या बेटेगावात झालंय, जनूला फरशीचं काम देऊ नका, त्याची हलते. बोलू दे. मी जाताना-येताना तिथं शिरतो नि मुद्दाम त्याच फरशीवर पाय देतो. ती टक करते. आतनं हिरूबाय विचारते, "कोन हाय?"

मी बोलतो, मी हाय.