बी छेद सातशे चार

आमच्या बैठकीत सोफ्यासमोर फळा आहे आणि टीव्ही बाजूच्या भिंतीवर. त्यामुळे खांदेश्वरच्या आमच्या घरी आलेला पाहुणा फळ्याकडे तोंड करून चहा पितो आणि बहुतेक वेळा उगाचच सावरून बसतो. फळा सहा फूट बाय चार फूट, मी स्वतः लेव्हल लावून ठोकलेला. त्यावर माझी बायको वर्षानुवर्षं दहावीच्या मुलांना गणित शिकवत आली आहे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर तिचा उजवा खांदा आखडला. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, बरा होईल, पण महिने लागतील, तोवर फळ्यावर लिहिणं बंद. तिने भेंडी चिरता चिरता निर्णय सांगून टाकला. "मेच्या बॅचला कळवते, दुसरीकडे नावं घाला म्हणून. बोलून बोलून गणित शिकवता येत नाही. अर्धवट मी शिकवणार नाही."

एवढं बोलून ती भेंडी चिरत राहिली. नेहमी सारख्या जाडीच्या चकत्या करणारी बाई, त्या दिवशी एक जाड एक बारीक. मला काय ते कळलं.

आमची मुलगी एका छोट्या कंपनीत कामाला आहे, घरूनच काम करते. त्यांचं टिपणं लिहायचं ॲप आहे. नेमकं त्याच आठवड्यात तिच्याकडे काम आलं होतं, की या ॲपमध्ये गणिताची समीकरणं लिहिता आली पाहिजेत.

"आई, तू खुर्चीत बसून टाइप कर, टीव्हीवर मोठं दिसेल."

"आणि वर्गमूळ? ते काय भिंतीवर खिळ्याने कोरू?"

"वर्गमूळ मीच आणतेय, आई. पगार देतायत मला त्याचा."

बायकोने अट घातली. पहिल्या तासाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत वर्गसमीकरणाचं सूत्र नीट लिहिता आलं तर क्लास, नाहीतर मुलांना निरोप.

तपासनीस म्हणून माझी नेमणूक झाली. तळोज्याच्या कारखान्यात माझं कामच तपासणीचं, त्यामुळे हे मला फारच आवडलं. मुलीने चाचणीची आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर घातली. मी सूत्र लिहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"वर्गमुळाची रेघ बी वर्गावरच संपते. चार ए सी बाहेर उभं आहे."

"बाबा, चार मिलिमीटरचा प्रश्न आहे."

"चार मिलिमीटरने उत्तर बदलतं."

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी अर्धा मार्क कापला असता." रेघ वाढली.

मग मुलीने एक झकास सोय केली. आकडा लिहा, तिरकी रेघ मारा, पुढचा आकडा लिहा, की आपोआप आडवी रेघ येऊन वर अंश, खाली छेद. बायको तर लहान मुलीसारखी तीन छेद चार, पाच छेद आठ, एक्स अधिक एक छेद एक्स उणे एक असं लिहीतच सुटली. डाव्या हाताने उजवा खांदा धरून हसत होती. मला वाटलं, जमलं.

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीही आहे. ॲपची खरी परीक्षा व्हावी म्हणून पाण्याची टाकी धुण्याची नोटीस मी त्यातच लिहिली होती. तीन वेळा तपासून, लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकून, मी निर्धास्त झालो होतो. ही अपूर्णांकांची सोय नंतर ॲपवर चढली, आणि चढताना तिने माझी जुनी नोटीसही सोडली नाही.

पहिला फोन बी विंगमधल्या काकांचा. हे मूळचे नावड्याचे, आवाज असा की फोन लावायची गरज नसते.

"सेक्रेटरी, माजा फ्लॅट कुठं हाय?"

"कुठे म्हणजे? सातव्या मजल्यावर."

"नाय. तुमच्या नोटिशीत मी वरती बी, मधी रेघ, आन् खाली सातशे चार. मला गाडला की काय?"

मी नोटीस उघडली. गच्चीची किल्ली काकांकडे असते म्हणून दिलेला बी/७०४ खरोखर बी छेद सातशे चार झाला होता. माणशी वर्गणी ३००/- लिहिली होती, तिथे तीनशेच्या खाली रेघ आणि त्या रेघेखाली आणखी एक रेघ. जणू तीनशे बरोबर, आणि पुढे काहीच नाही. आणि तारीख, १५/५, ती पंधरा छेद पाच.

"म्हंजे तीन ना?" काका म्हणाले. "तीन तारीख कवाच गेली. टाकी धुवून झाली का?"

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "त्यांना सांगा, अतिसंक्षिप्त रूप दिल्याबद्दल पूर्ण मार्क!"

आम्ही तिघं इतके हसलो की काका फोनवर "हालो, हालो" करत राहिले आणि शेवटी तेही हसायला लागले.

पण हसू ओसरल्यावर मुलीचा चेहरा पडला. "ही सोय काढावी लागणार. लोक तारखा लिहितात, फ्लॅट नंबर लिहितात. बी छेद सातशे चार हे बीजगणितात बरोबरच आहे, यंत्राने ओळखायचं कसं?"

सोय काढली तर प्रत्येक अपूर्णांकासाठी यादी उघडून चिन्ह निवडायचं. बायकोने एकदा करून पाहिलं आणि लॅपटॉप बाजूला सारला. "एवढ्या वेळात मुलं झोपतील. निरोप पाठवते उद्या."

उद्या म्हणजे तिच्याच अटीची संध्याकाळ. मी फळ्याकडे पाहत बसलो. तिचं शेवटचं गणित अजून पुसलेलं नव्हतं. वर शाब्दिक उदाहरण, त्यात तारीख होती, रुपये होते, सगळं साध्या अक्षरात. त्याखाली, प्रत्येक मराठी शाळेत लिहितात तसं, 'उकल :'. आणि गणित तिथून पुढे. शेवटी 'उत्तर :', आणि पुन्हा साधं वाक्य.

"तुझी मुलं तरी कशी ओळखतात," मी विचारलं, "की आता तारीख संपली आणि अपूर्णांक सुरू झाला?"

"अहो, उकल लिहिलं की..." ती थांबली. मुलगी लॅपटॉप घेऊन तोपर्यंत उठलीही होती.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत झालं. 'उकल' लिहून दोन टिंबं दिली की कागद फिकट पिवळा होतो आणि तिरकी रेघ छेद देते. 'उत्तर' लिहिलं की पुन्हा पांढरा, आणि काका सातव्या मजल्यावर सुखरूप. वर मुलीने 'म्हणून'ची तीन टिंबंही घातली. रात्रीच्या जेवणाचा निरोप मला बायकोने त्यातच धाडला : ∴ पिठलं.

पहिल्या तासाला मुलांनी सवयीने फळ्याकडे तोंड केलं. "मान डावीकडे," बायको म्हणाली आणि खुर्चीत बसून टाइप करू लागली. टीव्हीवर कागद पिवळा झाला, रेघ पसरली, तिच्यावर वर्गमूळ उभं राहिलं, थेट चार ए सीच्या शेवटापर्यंत. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली.

"शिट्टीला मार्क नाहीत. वहीत उतरवा. आणि उद्या येताना कंपास आणा, भूमिती घेणार आहे."

आतल्या खोलीचं दार फटकन उघडलं. "आई! वर्तुळ अजून आलेलं नाहीये!"

"मग उद्यापर्यंत आण की," बायको म्हणाली, आणि पुढचं गणित लिहायला घेतलं.