पोफळीला टेकलेली वेल
ओल्या मिरीचा वास आला की दोडामार्गची आमची बाग आठवते. मोडलेल्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. महिनाभर घरच्यांकडून सगळं करून घेतल्याची मला लाज वाटायची, म्हणून त्या सकाळी एकटीच बागेत उतरले आणि पडले. थोरल्या जाऊबाई तिथेच वाऱ्याने सुटलेली मिरीची वेल पोफळीला सुतळीने बांधत होत्या. धावत येऊन त्यांनी मला उठवलं. "सारखा तुमचा आधार घ्यायची लाज वाटते," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ही वेल बघ गो. मुळां धरीपर्यंत पोफळीक टेकान ऱ्हवतली. तिका लाज वाटता काय?" मी त्यांचा खांदा धरला आणि घरापर्यंत रडतच आले. आता पाय ठणठणीत आहे, तरी बाजारात चालताना माझा हात त्यांच्या खांद्यावरच असतो.