कोणी बदललं, कुठून बदललं

आधी ताईंचं सांगतो. नाव लिहिणार नाही, त्यांना आवडणार नाही. महूहून रोज बसने इंदूरच्या पलासियाला येणाऱ्या, आजोबा फौजेत होते हे फक्त चिडल्यावर सांगणाऱ्या, आमच्या ऑफिसात नेटवर्कची टीम सांभाळणाऱ्या ताई. त्यांनी मला इंग्रजीची छत्तीस पानं ओळ-ओळ करून वाचायला लावली. ती वाचली नसती तर आज मी कुठल्यातरी दुकानाच्या छतात डोकं खुपसून वायर ओढत असतो. वायर ओढण्यात कमीपणा आहे असं नाही, पाच वर्षं तेच केलं. पण मला तिथं परत ढकललं होतं ते खोटं बोलून, आणि ढकलणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मी नांदेडकडचा. नववीत दोनदा नापास झालो, शाळा सोडली, वायरिंगच्या ठेकेदाराबरोबर गावं फिरत इंदूरला आलो. या ऑफिसात केबल टाकायला आलो आणि इथंच चिकटलो. आमची कंपनी आपली मोठी कॉम्प्युटरं दुसऱ्यांना भाड्यानं वापरायला देते. एका कोचिंग क्लासच्या ऑनलाइन परीक्षा आमच्याकडे चालतात, काही दवाखान्यांचे रिपोर्ट, एका औषधवाल्याचं गोदाम. पूर्वी दोन मशीन जोडायच्या तर खरी वायर ओढावी लागायची. मग सॉफ्टवेअर आलं आणि अख्खं नेटवर्कच स्क्रीनवर बनायला लागलं. वायर नाही, डबा नाही, तरी रस्ता तयार. प्रत्येक मशीनच्या दारात स्क्रीनवरूनच, म्हणजे कन्सोलवरून, एक पहारेकरी उभा करायचा आणि त्याला नियम द्यायचे, याला आत सोड, त्याला सोडू नको. बाकीच्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलं. मला पटकन कळलं, कारण त्यातला प्रत्येक रस्ता मी कधीतरी हातानं ओढलेला होता.

तरी जीव कायम मुठीत. ऑफिसात कोणी "डॉक्युमेंट जमा करा" म्हटलं की मी पाणी प्यायला जायचो. मालकांना माझी शाळा ठाऊक होती, ताईंना ठाऊक होती, आणि दुर्दैवानं सीनियरलाही.

सीनियर म्हणजे ताईंच्या बरोबरीच्या हुद्द्यावरचा इंजिनियर. जुन्या इंदुरातल्या मराठी घरातला, पणजोबा दरबारात होते असं महिन्यातून एकदा तरी ऐकवणारा. मला तो 'नववी पास' म्हणायचा. मी नापास होतो, म्हणजे तसा मान वाढवूनच हाक मारायचा. "ए नववी पास, जरा इकडे ये भिया, तुझ्या गावाकडे इंटरनेटला काय म्हणतात रे?" भिया म्हणजे इंदुरी भाऊ. सगळे हसायचे. मीही हसायचो. हसलो नाही तर काय होईल याची भीती वाटायची.

आमच्याकडे एक पद्धत होती. सगळे जण एकाच लॉगिननं काम करायचे, त्यामुळे कोणता बदल कोणी केला हे सॉफ्टवेअरला विचारून उपयोग नव्हता. म्हणून एक जाड वही ठेवली होती. बदल केला की वहीत लिहायचं. पण सीनियरला हातानं लिहायचा कंटाळा, आणि माझं अक्षर चांगलं. मराठी शाळेनं दुसरं काही दिलं नाही, अक्षर तेवढं दिलं. तो खुर्चीत मागे रेलून सांगायचा, "लिही रे," आणि मी त्याचे बदल माझ्या अक्षरात लिहायचो. करणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवायचो, तो नंतर सही करेल म्हणून. तो कधीच करायचा नाही. दोन वर्षांची वही भरली होती अशी. कुणाला, अगदी ताईंनाही, त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग कोचिंगच्या मोठ्या परीक्षेच्या दिवशी सगळं बंद पडलं. सीनियरनं एका दवाखान्याच्या मशीनवर बंदीचा नियम टाकला होता. नियम 'कुणाला लागू' याचा एक रकाना असतो. तिथं त्या एका मशीनचं नाव घालायचं त्यानं सोडलं आणि तो नियम सगळ्यांनाच लागू झाला. प्रत्येक दारातल्या पहारेकऱ्यानं प्रत्येकाला अडवलं. पोरं अर्ध्या पेपरात बसून राहिली. कोचिंगचे सर स्वतः ऑफिसात येऊन ओरडत होते.

मालकांनी वही मागवली. सीनियरनं पान उघडलं, बोट ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "अक्षर कोणाचं आहे, बघून घ्या सर."

मी सीनियरला म्हणालो, "साहेब, तुम्हीच तर सांगितलं, मी फक्त लिहिलं."

"मी?" तो हसला. "सर, मी याला वायर सांभाळायला सांगतो. कन्सोलला हात लावायला कोणी सांगितलं, यालाच विचारा. नववी पास आहे, समझ नहीं है, जाने दीजिए."

जाने दीजिए! माझ्यावर दया दाखवत त्यानं माझा गळा कापला. ताई म्हणाल्या की हा फक्त लिहून घेतो, पण नावाची जागा कोरी आणि अक्षर माझं, त्यांचं कोणी ऐकलं नाही. मालकांनी मला कोचिंगच्या सरांसमोर उभं करून माफी मागायला लावली. मी मागितली. दोन्ही हात जोडून, न केलेल्या चुकीची. त्या सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं ते मला अजून दिसतं. मला कन्सोलवरून काढून परत केबलच्या कामावर टाकलं. वर सांगितलं की सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसेपर्यंत थांब, मग तुला ठेवायचं की नाही ते बघू.

त्या दिवसापासून मी एकच विचार करत होतो. नोकरी राहिली नाही तरी चालेल, पण जाण्याआधी याचं तोंड सगळ्यांसमोर काळं व्हायला पाहिजे. छतात पाठ टेकवून केबल बांधताना मी मनात त्याच्याशी भांडायचो आणि क्लिप इतक्या जोरात ठोकायचो की एकदा खालच्या खोलीतल्या बाई बाहेर येऊन बघून गेल्या.

नव्या आवृत्तीचं काम ताईंकडे आलं होतं. तिच्यात नवीन काय आहे त्याची पानं त्यांनी छापून घेतली आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर टाकली.

"हे वाच."

"ताई, हे इंग्रजी आहे."

"मग? मलाही काही आईच्या पोटातून नाही आलं. चल, पहली लाइन पढ. अटकलास तर मी बसलीये ना."

रोज सुट्टीत आम्ही दीड-दोन पानं करायचो. त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे यायची आणि माझ्या वहीत त्या पानांचा अर्थ जमा व्हायचा. आता प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं लॉगिन घ्यावंच लागणार. नियम लागू करण्याआधी तो कुणाकुणाला अडवेल हे सॉफ्टवेअर करून दाखवणार. नियमाला मुदत घालता येणार, मुदत संपली की तो आपोआप गळून पडणार. एक खोटा निरोप सोडून तो कुठल्या दारात अडतो ते बघता येणार. मला कंटाळा यायचा नाही. एखादी ओळ कळली की मी खुर्चीत सरळ बसायचो. ताई म्हणायच्या, "अरे, तू तर एकदम मास्टरसारखा बैठ गया."

सत्ताविसाव्या पानावर ती ओळ आली. मी ती तीनदा वाचली. प्रत्येक बदल कोणत्या लॉगिननं आणि कुठल्या मशीनवरून झाला, हे आता एका स्क्रीनवर दिसणार, बदलाच्या आधीचं आणि नंतरचं शेजारी-शेजारी. आणि खाली बारीक अक्षरात होतं की जुन्या आवृत्तीत ही नोंद आत पडूनच असायची, बघायची सोय नव्हती. नवी आवृत्ती तीही उचलून दाखवेल.

"ताई," मी म्हणालो, "म्हणजे परीक्षेच्या दिवसाचंसुद्धा?"

त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं आणि वाचलं. मग म्हणाल्या, "हो. पण नीट ऐक. हे निघालं तर आपण मालकांच्या केबिनमध्ये जाऊ. तू आणि मी. दार बंद करून दाखवू. बाहेर तमाशा नाही करायचा. समझा?"

मी हो म्हणालो. खोटं बोललो.

नवी आवृत्ती आधी एका वेगळ्या, सरावाच्या मशीनवर बसवली होती. तिथं सराव करायला मला लॉगिन हवं होतं आणि ते मला मिळणं शक्य नव्हतं. मी मागितल्यावर ताईंनी स्वतःचं दिलं. "फक्त सरावाच्या मशीनवर," एवढंच म्हणाल्या. नव्या आवृत्तीसाठी लॉगिन दुसऱ्याला द्यायचं नाही असा नियम ऑफिसात लागला होता, आणि तो कागद सीनियरनंच बनवला होता.

आवृत्ती बसवायच्या सकाळी मालक खजरान्याच्या गणपतीला जाऊन लाडू घेऊन आले. प्रसाद सगळ्यांच्या हातात पडल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, ही त्यांची पद्धत. सगळं सुरळीत बसलं. शनिवारी ग्राहकांना बोलावून नवीन काय ते दाखवायचं होतं. कोचिंगचे सर आले होते, दवाखान्याचे दोघे होते. मालक मधे बसले होते, सीनियर पहिल्या रांगेत पाय पसरून.

ताईंनी सुरुवात केली आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "पुढचं याच्याकडून ऐका, यानं खूप मेहनत केलीये." मला पुढे ढकलणाऱ्या त्याच होत्या. मला मोठं करायचं होतं त्यांना, बस.

सीनियर मोठ्यानं म्हणाला, "वा, नववी पास का लेक्चर! चाय मंगवाओ भिया!"

लोक हसले. मी यावेळी हसलो नाही. माऊस हातात घेतला. ताईंच्या लॉगिननं मी सरावाच्या मशीनवर जायच्या ऐवजी खऱ्या सिस्टीमवर गेलो. तारीख टाकली. भिंतीवर मोठ्या अक्षरात परीक्षेचा दिवस उघडला.

"हे नवीन आहे," मी म्हणालो. "कोणी बदललं, कुठून बदललं, हे आता लपत नाही. सर, तुमची परीक्षा बंद पडली तो हा नियम. डावीकडे आधीचं, उजवीकडे नंतरचं. 'कुणाला लागू' हा रकाना बघा, सगळे. आणि बदल ज्या मशीनवरून झाला तिचं नाव हे."

सीनियरनं आपल्या लॅपटॉपला हौसेनं स्वतःचंच नाव दिलेलं होतं. पूर्ण नाव, आडनावासकट. ते भिंतीवर हातभर उंच दिसत होतं.

कोचिंगचे सर वळून त्याच्याकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. "माफी तो इससे मंगवाई थी आपने," ते मालकांना म्हणाले. सीनियर अर्धवट उठला आणि परत बसला. पसरलेले पाय कधी आत घेतले ते कळलंही नाही. मी त्याला भरपूर वेळ दिला. स्क्रीन बदलली नाही. खोटं कशाला लिहू, इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आजही तो चेहरा आठवला की चहा गोड लागतो.

मग तो उठून म्हणाला, "सर, ते मी बघून घेईन. पण याच्याकडे लॉगिनच नाहीये. हा आत कुणाच्या नावानं गेला, हे पण बघा ना. वरती कोपऱ्यात."

कोपऱ्यात ताईंचं नाव होतं.

मी म्हणालो, "मी चोरलं." पटकन तेवढंच सुचलं.

ताई उभ्या राहिल्या. "चोरलं-बिरलं काही नाही. मी दिलंय." मालकांकडे बघून म्हणाल्या, "सर, माझे आजोबा फौजेत होते. मी खोटं नाही बोलणार. मीच दिलं."

सोमवारी तिघांचेही निकाल लागले. सीनियरला राजीनामा द्यायला सांगितलं. कोचिंगच्या सरांनी अट घातली म्हणून मला कन्सोल परत मिळालं आणि माझ्या नावाचं लॉगिन. ताईंची टीम काढून घेतली. त्यांना सांवेर रोडला औषधवाल्याच्या गोदामात पाठवलं, तिथल्या मशीन सांभाळायला. महूहून आता दोन बस बदलून जावं लागतं.

जायच्या दिवशी मी त्यांचा खोका खाली उचलून नेत होतो. जिन्यात त्या थांबल्या.

"केबिनमध्ये दाखवलं असतं तर?"

मी खोका दुसऱ्या हातावर घेतला. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दार बंद करून दाखवलं असतं तर तो गेला असता आणि त्या राहिल्या असत्या. पण त्याचा चेहरा फक्त मालकांनी पाहिला असता, आणि मला तो सगळ्यांना दाखवायचा होता.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पढना मत छोड़ना. पुढची आवृत्ती येईल, तेव्हा अडलास तर फोन कर."

त्याच्याबद्दल मला वाईट वाटत नाही. परत ती वेळ आली तर त्याला तसंच उघडं पाडीन. ताईंचं मात्र रोज टोचतं. टीमची बैठक असते, त्यांच्या खुर्चीत दुसरं कुणी बसतं, आणि मी वहीत बघत राहतो. मी आता ओपन स्कूलचा दहावीचा फॉर्म भरला आहे. मालकांना लेखी द्यायचा अर्जही अर्धा लिहून झाला आहे. लॉगिन मी मागितलं होतं, भिंतीवर मी उघडलं होतं, ताईंनी फक्त शिकवलं, असं त्यात आहे. तो द्यायची हिंमत अजून झालेली नाही. नोकरी जाईल ही भीती अजून तशीच आहे.

पण ताई, हे तुम्ही वाचाल तेव्हासाठी लिहून ठेवतो. तो अर्ज मी देणार. माझी खुर्ची गेली तरी देणार, आणि तुमची टीम तुम्हाला परत मिळेपर्यंत मालकांच्या दारात उभा राहणार. तुमचं हे मी एक दिवस फेडीन.